आधी विश्वास, मग इशारा

25 नोव्हेंबर 1949. दिल्लीत संविधान सभेचं काम संपत आलं होतं. घटनेच्या तिसऱ्या वाचनावरची चर्चा आटोपत होती आणि दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली जाणार, यात कुणाला शंका नव्हती. गेले काही दिवस सभासद एकामागून एक उठत होते आणि मसुदा समितीच्या अध्यक्षांचं तोंड भरून कौतुक करत होते. अशा वेळी समारोपाला उभ्या राहिलेल्या वक्त्याकडून सभागृहाला काय हवं असतं, ते वेगळं सांगायला नको. सर्वांचे आभार मानावेत, देशाच्या भवितव्याबद्दल दोन उमेदीची वाक्यं बोलावीत आणि टाळ्या घेऊन खाली बसावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आभार मानले, अगदी मनापासून मानले. त्यानंतर मात्र त्यांनी सभागृहाला सांगितलं की, एवढ्या कष्टाने उभं केलेलं हे सारं कोसळू शकतं, आणि कोसळलं तर त्याचा दोष आता इंग्रजांवर ढकलता येणार नाही.

आनंदाच्या दिवशी असं बोलणाऱ्याला लोक सहसा माफ करत नाहीत. इथे सभागृहाने ऐकून घेतलं, मधूनमधून दादही दिली. पाऊणशे वर्षांनंतरही या भाषणातली वाक्यं न्यायालयांत, संसदेत आणि गावच्या सभांमध्ये सांगितली जातात. हे कसं साधलं, हे शोधत गेलं की भाषणकलेतली जवळजवळ सगळी महत्त्वाची साधनं एकाच ठिकाणी, कामाला लागलेली दिसतात.

आपल्यापैकी बहुतेकांची भाषणकलेशी पहिली ओळख शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत होते. तिथे आवाज कुठे चढवायचा, हात कधी उचलायचा, सुरुवातीला कोणतं सुभाषित पेरायचं हे शिकवतात. या गोष्टी टाकाऊ नाहीत. पण त्या शिकताना मनात एक समज पक्का बसतो की भाषण म्हणजे सजावट. सांगायचं असतं ते आधीच ठरलेलं असतं आणि वक्तृत्व त्यावर वरून चढवायचं असतं. 25 नोव्हेंबरचं भाषण वाचताना हा समज टिकत नाही. त्यातून सजावट बाजूला काढायला जावं, तर विचारच हातात येतो. कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती राखून ठेवायची, या क्रमातच त्या भाषणाची ताकद आहे.

या क्रमाकडे पाहण्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलची मदत होते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने भाषणशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि श्रोत्याचं मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले. पहिला वक्त्याच्या विश्वासार्हतेचा, त्याला तो ईथॉस म्हणतो. दुसरा श्रोत्याच्या भावना जागवण्याचा, तो पॅथॉस. तिसरा युक्तिवादाचा, तो लोगॉस. ही तीन नावं आज व्यवस्थापनाच्या वर्गापासून वकिलीच्या शिकवणीपर्यंत सगळीकडे फिरतात, आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या मिश्रणातल्या घटकांसारखी सांगितली जातात: थोडं हे, थोडं ते. अ‍ॅरिस्टॉटलची एक बारीक सूचना त्यात हरवते. तो म्हणतो, विश्वास भाषणातूनच निर्माण व्हायला हवा. वक्त्याच्या आधीच्या नावलौकिकावर तो विसंबून नसावा. म्हणजे कितीही मोठा माणूस असला, तरी उभा राहिल्यावर त्याला पहिल्या वाक्यापासून पत कमवावी लागते. आपल्याकडच्या कित्येक दिग्गज वक्त्यांची भाषणं फसतात ती नेमकी इथे. आपल्याला सगळे ओळखतात या भरवशावर ते बोलू लागतात.

डॉ. आंबेडकरांकडे त्या दिवशी हा भरवसा भरपूर होता. तीनच वर्षांपूर्वी तो अजिबात नव्हता. डिसेंबर 1946 मध्ये ते संविधान सभेत आले ते बंगालमधून निवडून, काँग्रेसचे कडवे विरोधक म्हणून. फाळणीमुळे ती जागा गेली आणि बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसनेच त्यांना पुन्हा सभेत आणलं. मसुदा समितीवर नेमलं, अध्यक्ष केलं. 5 नोव्हेंबर 1948 रोजी सभेचेच एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहाला उघडपणे सांगितलं होतं की सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होता, एक संस्थानाच्या कामात गुंतलेला, एक-दोघे दिल्लीपासून लांब. मसुद्याचा खरा भार एकट्या आंबेडकरांवर पडला. म्हणजे सगळं श्रेय आपल्याकडे घ्यायला साक्षीदार हजर होता.

त्यांनी काय केलं? त्यांनी ते श्रेय वाटून टाकलं, आणि वाटताना मोघमपणा ठेवला नाही. पहिला मसुदा तयार करणारे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं. 141 दिवस बसलेल्या समितीच्या सहकाऱ्यांचं घेतलं. त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला आणि का दिला तेही सांगितलं: गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या, स्वच्छ कायदेशीर भाषेत उतरवण्यात त्यांची बरोबरी क्वचितच कुणी करेल. मध्यरात्र उलटेपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत. त्यानंतर काँग्रेस पक्षाच्या शिस्तीचं श्रेय काँग्रेसला दिलं. आयुष्यभर ज्या पक्षाशी भांडले त्या पक्षाला, भर सभागृहात.

आणि पुढच्याच दमात त्यांनी बंडखोरांचे आभार मानले. सगळ्यांनी पक्षाची शिस्त पाळून नुसती मान डोलावली असती तर सभेचं काम नीरस झालं असतं, असं म्हणून त्यांनी एकेकाचं नाव घेतलं: कामत, आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. हे सगळे त्यांच्या कलमांवर तुटून पडलेले लोक. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत, पण त्यांच्यामुळे घटनेतली तत्त्वं समजावून सांगण्याची संधी मिळाली, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे नुसतं सौजन्य मानून पुढे जाऊ नये. श्रोता वक्त्यावर विश्वास का ठेवतो याची तीन कारणं अ‍ॅरिस्टॉटल देतो: त्याला विषयातलं कळतं, तो सचोटीचा आहे, आणि त्याला आपलं भलं हवं आहे. श्रेयाच्या त्या वाटपात तिन्ही गोष्टी आल्या. कुणी कोणतं काम केलं हे नेमकं माहीत असलेला माणूसच इतकं नेमकं श्रेय देऊ शकतो. विरोधकालाही त्याचा वाटा देणारा माणूस आपल्याला फसवणार नाही. आणि ज्यांची नावं घेतली गेली, त्यांना हा माणूस आपला शत्रू वाटणं शक्य नव्हतं. पुढे जे कडू बोलायचं होतं, त्याची जमीन इथे तयार झाली. मात्र या आभारांत लबाडी शोधणं चूक ठरेल. ते श्रेय खरं होतं, म्हणूनच ते कामाला आलं. खोट्या स्तुतीचा वास सभागृहाला लगेच येतो.

या आभारांच्या आधी भाषणात आकडे येतात, आणि ते आकडे कसे वापरले आहेत हे पाहण्यासारखं आहे. संविधान सभेने फार वेळ घालवला, जनतेचा पैसा उधळला, रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता तसा हा प्रकार आहे, अशी टीका होत होती. या टीकेवर चिडणं सोपं होतं. त्यांनी हिशेब मांडला. 9 डिसेंबर 1946 ला सभा पहिल्यांदा भरली. अकरा अधिवेशनं झाली, एकूण 165 दिवस. त्यांतले 114 दिवस मसुद्यावर गेले. सल्लागारांच्या मसुद्यात 243 कलमं होती, समितीच्या पहिल्या मसुद्यात 315, शेवटी 395 झाली. सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

मग इतर देशांशी तुलना. इथे एक फार उपयोगी युक्ती दिसते: विरुद्ध बाजूचा खरा मुद्दा स्वतःहून आधी मान्य करणं. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली आणि दक्षिण आफ्रिकेची सुमारे एका वर्षात, आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली हेही सांगितलं. एकदा आपल्या विरुद्ध जाणारा आकडा वक्त्याच्याच तोंडून आला की श्रोत्याची उलटतपासणी थांबते. मग तो पुढचं कारण ऐकायला मोकळा होतो. पुढचं कारण असं होतं की अमेरिकेच्या घटनेत सातच कलमं आहेत, आणि त्या देशांच्या घटनाकारांना दुरुस्त्यांच्या अशा ढिगाऱ्याला तोंड द्यावं लागलं नव्हतं. 2,473 हा आकडा आधी नुसती नोंद म्हणून आला होता. तोच आता पुरावा म्हणून परत आला. आकडा एकदा सांगून सोडून दिला तर विसरला जातो. दुसऱ्यांदा तो युक्तिवादात येऊन बसला की लक्षात राहतो.

टीकेला उत्तर देण्याची आणखी एक तऱ्हा याच भागात आहे. सभासद नझिरुद्दीन अहमद यांनी ड्राफ्टिंग कमिटीला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हणजे भरकटणारी समिती असं नाव ठेवलं होतं. डॉ. आंबेडकरांनी ते नाव झटकून टाकलं नाही, ते हातात घेऊन त्याचा अर्थच बदलला. आम्ही हिंडत होतो हे खरं, पण काय शोधतो आहोत ते ठाऊक असताना हिंडत होतो. ओळखीच्या पाण्यात हवा तो मासा शोधणं आणि मिळेल त्या माशाची वाट पाहत गळ टाकून बसणं यांत फरक आहे. आणि आधीचं कलम सदोष आहे असं दिसल्यावर ते मागे घेऊन चांगलं आणणं ही चूक असेल, तर ती कबूल करायला समिती लाजली नाही याचा मला आनंदच आहे. टोमणा मारणाऱ्याला टोमण्याने उत्तर दिलं असतं तर सभागृह हसलं असतं आणि विसरलं असतं.

यानंतर कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांच्या आक्षेपांचा, केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांचा बराच ऊहापोह येतो. तो भाग अभ्यासकांनी मुळातून वाचावा. आपल्या विषयाला त्यातली एकच गोष्ट हवी. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हा विचार त्यांनी इथे सहज बोलावा तसा मांडून ठेवला. पुढे येणाऱ्या सगळ्या इशाऱ्यांची ती पहिली चाहूल होती.

मग भाषणाची बिजागरी येते. मी इथे थांबू शकलो असतो, असं ते म्हणतात. पण देशाच्या भवितव्याने माझं मन इतकं भरून गेलं आहे की काही विचार बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. समारोपाचं भाषण इथे रीतसर संपलं होतं. अध्यक्ष म्हणून जे कर्तव्य होतं ते पार पडलं. आता जे येणार ते कर्तव्यापलीकडचं आहे हे श्रोत्याला कळतं, आणि तो सावरून बसतो. एवढ्या एका वाक्याने वक्त्याची भूमिका बदलली: समितीचा अध्यक्ष खाली बसला आणि त्याच जागी देशाची काळजी लागलेला नागरिक उभा राहिला.

इथून पुढे भावना येते. ती इतक्या उशिरा आली म्हणूनच तिला वजन आहे. सुरुवातीलाच देशावरच्या संकटाचा घोष केला असता तर कुणीही म्हटलं असतं, या माणसाला भीती घालण्याची सवयच आहे. इतका वेळ तारखा, कलमं आणि दुरुस्त्या मोजून दाखवणारा माणूस अस्वस्थ होतो, तेव्हा ऐकणाराही अस्वस्थ होतो.

ही अस्वस्थता त्यांनी मुख्यतः दोन साधनांनी पोहोचवली, पुनरुक्तीने आणि प्रश्नाने. 26 जानेवारी 1950 ही तारीख या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा येते. त्या दिवशी भारत स्वतंत्र देश असेल. त्या स्वातंत्र्याचं काय होईल? त्या दिवशी भारत लोकशाही देश असेल. त्या लोकशाही घटनेचं काय होईल? दोन्ही वेळा वाक्याची ठेवण तीच, आणि दोन्ही वेळा शेवटी तोच प्रश्न: एकदा गमावलेलं आपण दुसऱ्यांदा गमावणार का? सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ती तारीख सणासारखी होती. वक्त्याने ती तारीख तशीच ठेवली, फक्त तिच्यापुढे दर वेळी एक प्रश्न उभा केला. पुढे तीच तारीख आणखी एकदा येते तेव्हा तिच्यासोबत त्या भाषणातला सर्वांत जड विचार येतो. तो श्रोत्यांवर अचानक आदळत नाही, कारण कान त्या तारखेमागून येणाऱ्या प्रश्नाला एव्हाना सरावलेले असतात.

स्वातंत्र्य कसं गेलं हे सांगताना ते इतिहासातली उदाहरणं देतात. सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती लाच घेऊन फितले. जयचंदाने घोरीला बोलावलं. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठा सरदार आणि राजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. शिखांचं राज्य इंग्रज बुडवत होते तेव्हा गुलाबसिंग गप्प बसला. 1857 मध्ये देशाचा मोठा भाग पेटला असताना शीख बघत राहिले. इतिहासकार यांतल्या प्रत्येक वाक्यावर वाद घालू शकतील. जयचंदाच्या कथेला तर ते नक्कीच पुरावा मागतील. भाषणातली उदाहरणं वेगळं काम करतात. या यादीत परक्याच्या पराक्रमाचं एकही उदाहरण नाही, सगळी घरच्या फितुरीची आहेत. ‘म्हणून आपणही पुन्हा तेच करू’ हे वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. इतिहासाची पुनरावृत्ती होईल का, एवढंच विचारलं. निष्कर्षाची शेवटची पायरी श्रोत्याला स्वतः चढू द्यावी, हेही अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथातलं महत्त्वाचं सूत्र आहे. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहजासहजी सोडत नाही.

याच वक्त्याने बावीस वर्षांपूर्वी, डिसेंबर 1927 मध्ये, महाडला वेगळ्याच श्रोत्यांपुढे भाषण केलं होतं. समोर अस्पृश्य म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं होती. त्यांना त्यांनी फ्रान्सची गोष्ट सांगितली. 1789 मध्ये व्हर्साय इथे भरलेल्या राष्ट्रीय सभेशी त्यांनी महाडच्या त्या परिषदेची तुलना केली. कोकणातल्या एका लहान गावी, अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांच्या सभेला त्यांनी जगाच्या इतिहासात नेऊन बसवलं. महाडच्या श्रोत्यांना शतकानुशतकं सांगितलं गेलं होतं की तुमची किंमत काही नाही; तिथे मान उंचावण्याची गरज होती. दिल्लीच्या श्रोत्यांना आपण इतिहास घडवला याचा अभिमान वाटत होता. तिथे पाय जमिनीवर आणण्याची गरज होती. इतिहासाची उदाहरणं दोन्हीकडे आली, पण उलट दिशेने. भावना जागवायची म्हणजे कोणती, हे समोर कोण बसलं आहे त्यावर ठरतं. हे ज्याला कळत नाही तो वक्ता प्रत्येक सभेत एकच आवेश आणतो.

लोकशाही टिकवण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी घटनात्मक मार्गच धरायचे. रक्तरंजित क्रांती तर सोडायचीच, पण सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडायचे. घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा या मार्गांचं समर्थन करता येत होतं; ते खुले झाल्यावर हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण ठरतात. या इशाऱ्याचं वजन समजण्यासाठी बोलणारा कोण होता ते आठवावं लागतं. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर लोकांना घेऊन जाणारा आणि 2 मार्च 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभा करणारा नेता सत्याग्रह सोडा म्हणत होता. ज्याने ते हत्यार कधी उचललंच नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य फुकटचं ठरलं असतं.

दुसरा इशारा विभूतिपूजेचा. जॉन स्टुअर्ट मिलचा आणि आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं की, कुणा थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. या मांडणीची ताकद तिच्या समतोलात आहे. एकच गोष्ट दोन क्षेत्रांत ठेवली आणि दोन ठिकाणी तिचे परिणाम एकमेकांच्या उलट दाखवले. शिवाय भक्तीचा अपमान कुठेच केला नाही. तिला तिची जागा दिली आणि मग त्या जागेबाहेर यायला मनाई केली. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ही मर्यादा राखणं किती आवश्यक आहे हे ठाऊक असणार, असं मला वाटतं.

तिसरा इशारा म्हणजे या भाषणाचं हृदय. राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, तिच्या तळाशी सामाजिक लोकशाही असल्याशिवाय ती टिकणार नाही. आणि मग ती तारीख पुन्हा येते: 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल, समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता. मताची किंमत सर्वांची सारखी, माणसाची किंमत मात्र नाही. हे किती काळ चालवायचं, असं ते एकामागून एक विचारतात. प्रश्नांची ही मालिका तोलून पाहिली तर ध्यानात येतं की इथे वक्ता ‘आपण’ म्हणतो आहे. ज्याला स्वतःला शाळेत वेगळं बसवलं गेलं होतं, त्याने ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर कुणीही हरकत घेऊ शकलं नसतं. त्याने ‘आपण’ म्हटलं, आणि त्यामुळे त्या सभागृहात बसलेल्या एकालाही त्या प्रश्नातून सुटता आलं नाही. विषमता सोसणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत उडवून देतील, हा इशारा त्यानंतर येतो. तो धमकीसारखा ऐकू येत नाही, कारण तोवर वक्त्याने स्वतःला त्या इमारतीतच उभं केलेलं असतं.

याहून अवघड वाक्य अजून शिल्लक होतं. आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे त्यांना सांगायचं होतं. तेही स्वातंत्र्यानंतर सव्वादोन वर्षांनी, घटनेच्या पूर्वसंध्येला. ते थेट बोलले नाहीत. आधी त्यांनी जेम्स ब्राइस या लेखकाने दिलेली अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. तिथल्या एका चर्चमध्ये राष्ट्रासाठी प्रार्थना सुचवली गेली तेव्हा ‘राष्ट्र’ या शब्दालाच लोकांनी हरकत घेतली आणि त्याऐवजी संयुक्त संस्थानांसाठी प्रार्थना करायचं ठरवलं. परक्यांच्या घरातली गोष्ट माणूस मोकळ्या मनाने ऐकतो. गोष्ट पटली, मान हलली, आणि मग त्यांनी विचारलं: हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील? आपण अजून राष्ट्र नाही हे जितक्या लवकर उमजेल तितकं बरं, कारण मगच राष्ट्र होण्याची गरज कळेल. घाव बसला, पण त्यासोबत पुढची वाटही दाखवली गेली.

इथे आणखी एक गोष्ट पाहायला हवी. हे भाषण फक्त त्या सभागृहासाठी होतं का? मराठी वाचकाला 1908 चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आठवेल. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. ज्युरीपुढे ते अनेक दिवस मिळून सुमारे 21 तास बोलले. कायद्याच्या बारकाव्यांनी भरलेलं ते भाषण ज्युरीचं मन वळवू शकलं नाही. नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी काही बोलायचं आहे का विचारलं, तेव्हा ते फक्त काही वाक्यं बोलले. तीच वाक्यं आज मुंबई उच्च न्यायालयात कोरलेली आहेत. 21 तास ज्युरीसाठी होते, ती वाक्यं दालनाबाहेरच्या लोकांसाठी. डॉ. आंबेडकरांनी हे दोन्ही श्रोते एका भाषणात सांभाळले. पूर्वार्धातले आकडे आणि आभार समोर बसलेल्यांसाठी होते, उत्तरार्धातले प्रश्न अजून जन्माला न आलेल्यांसाठी.

शेवटाकडे जाताना त्यांनी लिंकनला हाताशी घेतलं. 19 नोव्हेंबर 1863 ला गेटिसबर्गच्या रणभूमीवर एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते आणि त्यानंतर लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं. लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी असलेलं शासन ही त्या छोट्या भाषणातली त्रयी जगाने पाठ केली. पाठ झालेल्या गोष्टीकडे माणूस पाहत नाही. डॉ. आंबेडकरांनी ती त्रयी फोडली. लोक आता लोकांनी चालवलेल्या शासनाला कंटाळू लागले आहेत, आपल्यासाठी काम करणारं सरकार मिळालं की ते आपलं आहे का आणि आपण चालवतो का याची त्यांना पर्वा उरत नाही, असं ते म्हणाले. एकत्र म्हणायची सवय झालेले तीन तुकडे सुटे होऊन समोर आले आणि त्यांतला एक तुकडा उरलेल्या दोघांना गिळू शकतो हे दिसलं. आपल्या वाटेतली अनिष्टं ओळखण्यात दिरंगाई करू नका, ती दूर करण्यात कमी पडू नका, देशसेवेचा हाच मार्ग आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, या छोट्या वाक्यावर ते थांबले.

मन वळवण्याच्या कलेचा हिशेब टाळ्यांवर करता येत नाही, म्हणून पुढे काय झालं तेही पाहायला हवं. भक्तीबद्दलचा इशारा आज सगळेच पक्ष सांगतात, बहुतेक वेळा दुसऱ्या पक्षाला. विसंगतीच्या आयुष्याबद्दलचा इशारा तर सामाजिक न्यायाच्या प्रत्येक चर्चेचा आधार झाला. सत्याग्रह सोडण्याचा सल्ला मात्र देशाने मानला नाही. मानू न शकलेल्यांत त्यांचे सर्वांत जवळचे अनुयायीही होते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्यांच्याबरोबर असलेले दादासाहेब गायकवाड यांनी रिपब्लिकन पक्षाचे नेते म्हणून भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांच्या मागण्यांमध्ये कसणाऱ्याला जमीन होती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावावं ही मागणीही होती. त्या माणसांकडे मत होतं, न्यायालयाचा रस्ता होता, जमीन नव्हती. त्यांना रस्त्यावर आणलं ते 25 नोव्हेंबरच्या भाषणातल्या तिसऱ्या इशाऱ्याने. पहिला इशारा त्यांना घरी थांबवू शकला नाही.